फॅस्टिडियस = चोखंदळ?

शनिवार सकाळ, कळंबोली. खाली लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रेलरचे हॉर्न चालू आहेत. आठवडाभर डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून टाकतो. 'भारी' इंग्रजी शब्द पाठ करणे.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी दहा शब्द येतात. शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह, पुढे एक मराठी अर्थ. संपलं! ऐरोली येईपर्यंत बसमधली निम्मी जनता पाठ करून मोकळी. ही पद्धत नवीन नाही म्हणा. माझ्या आत्तेभावाने २००८ मध्ये जीआरईसाठी बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी अशीच घोकली होती. पण तेव्हा परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे सरळ प्रश्न असायचे, घोकंपट्टीला मार्क होते. ऑगस्ट २०११ मध्ये ते प्रश्नच काढून टाकले आणि शब्द वाक्यात बसवून विचारायला लागले. परीक्षा सुधारली, आपण अजून तिथेच.

माझं भांडण त्या '=' शी आहे.

फॅस्टिडियस = चोखंदळ, असं परवा आलं. आता मराठीत 'चोखंदळ वाचक' म्हटलं की वाचक खूश होतो. इंग्रजी शब्दात मात्र 'ह्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही' असाही एक सूर असतो. टीममधल्या एकाने क्लायंटच्या मेलमध्ये "तुमच्या फॅस्टिडियस ग्राहकांसाठी" असं ठोकून दिलं होतं. लीडने सेंड व्हायच्या आधी बघितलं म्हणून बरं.

इथपर्यंत गंमत आहे. पुढचा शब्द नाही.

पराया. (उच्चार तसाच, पण हिंदीतल्या पराया शब्दाशी संबंध नाही.) यादीतला अर्थ: बहिष्कृत. एकाने लगेच सरावासाठी वाक्य केलं, की नवीन आलेला अमुक आपल्या फ्लोअरचा पराया आहे, कारण तो डबा एकटाच खातो. त्यावर चार स्मायली.

हा शब्द तमिळमधून गेलाय. परै म्हणजे ढोलासारखं एक वाद्य, आणि ते वाजवणाऱ्या परैयर जातीला गावाबाहेर ठेवलं जायचं. ह्या जिवंत माणसांच्या जातीचं नाव गोऱ्या साहेबांनी उचललं आणि 'कुणालाही नकोसा माणूस' अशा अर्थाने वापरात आणलं. आपल्याकडचा 'बहिष्कृत' तरी हलका आहे का? बाबासाहेबांनी एप्रिल १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत' होतं. हे दोन शब्द '=' च्या दोन बाजूंना ठेवून खाली स्मायली टाकायच्या?

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, "भाई, इतकं डीप कोण विचारतं इंटरव्ह्यूमध्ये?" अरे पण इंटरव्ह्यूत पराया तरी कोण विचारतं! तिथे "तुम्ही हा बग कसा शोधला" हे पाच सरळ वाक्यांत सांगायचं असतं, आणि गाडी तिथेच अडकते.

सोमवारपासून मी दहाऐवजी एकच शब्द टाकणार आहे. तो तीन वेगवेगळ्या वाक्यांत, आणि तो कुठून आला तेही. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी म्यूट करा, राग नाही. सुरुवात मोंगूसपासून. तो इंग्रजीत आपल्या मुंगुसावरूनच गेलाय, तेवढ्यापुरतं '=' लावायला माझी हरकत नाही.