खर्ज गळतो कुठे?
(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो. ओसरीवर बसून कानात इअरफोन घालून ऐकत होतो. आबा शेजारी येऊन टेकले. म्हणाले, "काय ऐकतुयास एवढं?" मी म्हटले, "तुमचाच पखवाज." ते खरेच होते. मागल्या कार्तिकात काकड्याच्या वेळी आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर करून ठेवले होते. दोन्ही बोंडे आबांच्या कानात घातली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग काढून माझ्या हातात देत म्हणाले, "टाळ झ्याक आल्यात. पखवाज मातूर बसल्यागत वाटतोय. त्या दिवशी कणीक कमी पडली आसंल माझी."

ज्यांच्या घरी पखवाज नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतात. त्या वजनाने कातड्याचा आवाज खाली उतरतो, त्याला घुमारा येतो. कणीक कमी पडली किंवा वाळली की खर्ज जातो आणि नुसते टणटण वाजते. आबा वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने कणीक लावत आले आहेत. त्या पहाटेही त्यांनीच लावली होती; मी समोर होतो, घुमारा मी ऐकला होता. तरी यंत्राने सांगितले म्हणून या माणसाने दोष स्वतःच्या हाताकडे घेतला!

मी गप्प बसलो. मला वाटले, दोष आपल्या इअरफोनचा. 'कमवा व शिका'च्या पैशांतून साडेतीनशे रुपयांना घेतलेला. त्यातून खर्ज कुठला यायचा? गरिबाघरच्या वस्तूने किरकिरच करायची, हे आपण धरूनच चाललेलो असतो.

सुटी संपवून वसतिगृहावर आलो. खोलीतल्या मित्राकडे माझ्या दोन महिन्यांच्या खानावळीइतक्या किमतीचा इअरफोन आहे. त्याच्याकडून मागून घेतला आणि तेच ध्वनिमुद्रण लावले. काय आश्चर्य! खर्ज तिथेही नाही. उलट माझ्यापेक्षाही कमी. मित्र हसू लागला. "अरे, तो तुझ्या कानात बसलाच नाहीये. नुसता अडकलाय. माझ्या कानाचं माप वेगळं, तुझं वेगळं."

तेव्हा मला आठवले की माझ्या खोक्यात एक छोटी पिशवी होती. तिच्यात रबराच्या टोप्यांच्या आणखी दोन जोड्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. हरवल्या तर उपयोगी पडतील म्हणून मी त्या ट्रंकेत टाकल्या होत्या. त्या वेगवेगळ्या कानांसाठी असतात हे मला कोणी सांगितले नव्हते आणि खोक्यावरच्या इंग्रजीत मी ते शोधले नव्हते. लहान टोपी चढवली, कानाची पाळी वर आणि मागे ओढून बोंड आत सरकवले, पाळी सोडली. बाहेरचा गलका एकदम दूर गेला आणि साडेतीनशे रुपयांच्या त्या वस्तूतून आबांचा डावा हात घुमला.

हे असे का होते? विज्ञान शाखेच्या एका सरांना व्हरांड्यात गाठून विचारले. त्यांनी मला सायकलचा पंप आठवायला सांगितले. पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा रेटला तर आतली हवा दाबली जाते आणि बोटाला जोर लागतो. आता बोट किंचित सैल करा आणि दांडा सावकाश रेटा. हवा फटीतून निघून जाते, बोटाला काहीच लागत नाही. पण तोच दांडा झटक्यात मारला तर फट असूनही दणका बसतो, कारण हवेला निसटायला वेळ मिळत नाही. कानातही हेच घडते. इअरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये एक-दोन घनसेंटिमीटर हवा कोंडलेली असते. इवलासा पडदा तिला मागेपुढे ढकलतो. खर्जाचा ५० हर्ट्झचा स्वर म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे, सावकाश रेटलेला दांडा. फट असली की तो दाब बाहेर झिरपून जातो. टाळेची किणकिण सेकंदाला हजारो हेलकाव्यांची. तिला फटीची पर्वा नाही. म्हणून आबांना टाळ स्वच्छ ऐकू आले आणि पखवाज गळून गेला.

पडताळा घ्यायचा असेल तर चालू इअरफोन टेबलावर ठेवून पाहा. हजारांचा असो की शेकड्यांचा, चिलटासारखा चिंचिं करील. अख्ख्या खोलीतली हवा खर्जात हलवायला लाउडस्पीकरचा मोठा कागदी पडदा लागतो. या बोंडाची ती ताकदच नाही. त्याचा खर्ज कान बंद झाल्यावरच जन्माला येतो. म्हणजे अर्धे वाद्य दुकानातून येते आणि अर्धे आपण आपल्या कानाने पुरे करतो, असे म्हणायला हरकत नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत 'एक्स्ट्रा बेस' छापतात, आतल्या पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. पण कानात नीट बसला नाही तर यातले काही मिळणार नाही, हे सांगायला दुकानदाराला तोंड नसते. मग आपण काय करतो? मोबाइलमध्ये बेसची पट्टी वर चढवतो. फट तशीच, त्यामुळे वाढवलेला खर्जही गळतो, आणि बिचाऱ्या पडद्यावर ताण येऊन आवाज फाटतो. शेवटी आणखी महाग वस्तूसाठी पैसे साठवू लागतो. २०१९ साली आलेल्या एअरपॉड्स प्रोमध्ये आतला मायक्रोफोन टोपी कानात बसली की नाही हे तपासून सांगतो. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. आपल्याला एवढेच करता येईल: खर्जाचे काहीतरी लावावे आणि बोंड बोटाने हलकेच आत दाबावे. दाबल्यावर घुमारा वाढला तर टोपी चुकली. दोन्ही कान एका मापाचे असतीलच असेही नाही. उजव्याला लहान आणि डाव्याला मधली लागली तर त्यात लाज कसली?

आता आपल्या भाषा प्रयोगशाळेकडे वळतो. गुरुजनांनी रागावू नये. तिथल्या हेडफोनच्या गाद्यांची कातडी सोलून गेली आहे, काहींचा स्पंज बाहेर आला आहे. असा हेडफोन कानाभोवती टेकत नाही. चष्मा असेल तर काडीजवळ आणखी एक फट पडते. कोणी म्हणेल, बोलणे समजायला खर्ज कशाला हवा? आक्षेप रास्त आहे. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे, तरी माणसे एकमेकांना ओळखत. पण त्या फटीतून नुसता खर्ज बाहेर जात नाही, शेजारच्या वर्गाचा गोंगाट आतही येतो. मग इंग्रजी उच्चार ऐकण्यासाठी प्रत्येक जण आवाज वाढवतो, आणि तासानंतर "मला इंग्रजी कळत नाही" असे म्हणत बाहेर पडतो. आमच्या घराण्यात कॉलेजात येणारा मी पहिलाच. 'मला कळत नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असते. हेडफोन नवे नकोत, गाद्या बदला, एवढीच विनंती.

एस. टी.त हेच जास्त धोक्याचे होते. इंजिनाची घरघर खर्जातलीच. सैल टोपीतून ती कानात शिरते, गाण्याचा खर्ज बाहेर जातो, आणि आपला अंगठा आवाजाची कळ दाबतच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे ठीक. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ला २० तास, ८६ला १०. आमच्यातले कित्येक जण रोज येऊन-जाऊन तीन तास एस. टी.त असतात, आठवड्याचे अठरा तास झाले! टोपी नीट बसली तर कमी आवाजात भागते. अर्थात घट्ट टोपीचीही खोड आहे. स्वतःचे बोलणे घागरीत तोंड घातल्यासारखे ऐकू येते, आणि रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगाही दूर राहतो. तेव्हा स्टँडवर उतरलो की मी दोन्ही बोंडे काढून खिशात टाकतो.

संक्रांतीला पुन्हा गावी गेलो. या वेळी तिन्ही जोड्या बरोबर नेल्या. आबांच्या उजव्या कानाला मधली टोपी बसली, डाव्याला मोठी लागली. पाळी ओढून बोंड बसवताना ते कुरकुरले, "गाईला बिल्ला मारल्यागत काय करतुयास?" मग ध्वनिमुद्रण सुरू केले. थोड्या वेळाने त्यांचा डावा पंजा मांडीवर पडू लागला.

"कणीक बराबर हुती की रं," ते मोठ्याने म्हणाले. कान बंद असल्याने त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज नव्हता. आई चुलीपुढून बघू लागली. मग त्यांनी कपाळाला आठी घातली आणि मला थांबवायची खूण केली.

"पुन्यांदा लाव. हितं लय घाई केली म्या."