थांबलं ते डिझेल, चूल नव्हे

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीने मुंबई-गोवा महामार्ग ओस पडला. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या तिठ्यावरची वर्दळ ओसरली, कोकण रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या, मिरकरवाड्याच्या बोटी काही दिवस बंदरातच राहिल्या. त्या एप्रिलात नासाच्या उपग्रहांना उत्तर भारतावर हवेतल्या कणांचं प्रमाण वीस वर्षांतलं नीचांकी दिसलं. दक्षिण भारतात मात्र तशी घट झाली नाही. तिथलं प्रमाण आधीच्या चार वर्षांपेक्षा किंचित जास्तच भरलं. संभाव्य कारणांत हवामान आणि वाऱ्यांसोबत शेतातल्या आगीही होत्या.

माणूस घरात बसला की हवा आपोआप शुद्ध होते, हा टाळेबंदीतून काढलेला निष्कर्ष त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. काजळीच्या बाबतीत तर नक्कीच. डिझेल, लाकूड, शेणी किंवा पातेरा नीट न जळता धुमसला की कार्बनचे हे काळे कण सुटतात. टाळेबंदीने डिझेलला लगाम घातला. चुली पेटतच होत्या, त्यात चाकरमानी गावी परतल्याने घरात खाणारी तोंडं वाढली. शेतीला सूट होती आणि हंगाम नेमका भाजावळीचा, म्हणजे शेतजमीन भाजण्याचा होता.

चुलीचा धूर एवढ्या मोठ्या आभाळाचं काय बिघडवणार, असं वाटणाऱ्यांसाठी पुरावा घरचाच आहे. स्टॉकहोम विद्यापीठाच्या ऑर्जन गुस्ताफसन यांच्या गटाने पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हिवाळी हवेचे नमुने घेतले. डिझेल आणि कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, म्हणून त्यांच्या काजळीत कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकडाच्या काजळीत तो सापडतो. या कसोटीवर २००९ मध्ये असं दिसलं की, काळ्या कार्बनचा निम्मा ते दोन तृतीयांश वाटा लाकूड, शेण, पालापाचोळा जाळण्यातून येतो.

डिझेलच्या वाट्याचं काम निदान सुरू तरी झालं आहे. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण विद्युतीकरणानंतर जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. वीज कोळशाचीच, असा टोमणा यावर मारला जातो. कार्बन डायऑक्साइडपुरता तो रास्त आहे. काजळीला लागू पडत नाही, कारण मोठ्या भट्टीत कोळसा जवळजवळ पुरता जळतो आणि उरलेली राख अडवायला यंत्रणा असते. वाहनांच्या धुरावरचे बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाले, तेही गाड्या दारात उभ्या असताना! जुने ट्रक आणि मच्छीमार बोटी अजून त्या नियमांबाहेरच आहेत.

आगीच्या वाट्याकडे मात्र कुणी बघत नाही. कवळं तोडायची, पातेरा पसरायचा आणि तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायची, ही कोकणी शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिला तण आणि किडीचं व्यवहारी कारण आहे, म्हणून केवळ बंदीचं फर्मान काढणं हा शहाणपणा नव्हे. गादीवाफ्यावर न भाजताही रोपं होतात. त्यासाठी लागणारी मजुरी आणि खत यांचा भार सरकारने उचलावा. टाळेबंदीत उज्ज्वलाच्या लाभार्थींना तीन सिलिंडर मोफत मिळाले होते. चूल खरोखर विझवायची तर सिलिंडर वर्षभर परवडला पाहिजे. आंबा-काजूच्या बागा खाणाऱ्या वणव्यांना तर कुठल्याही रीतीचा आधार नाही.

काजळी हवेत काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे टिकते. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. म्हणजे आज आग टाळली तर फरक याच महिन्यात दिसेल, पण तो मोजायला कुणीतरी हवं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर, सांगली आहेत, रत्नागिरी नाही. पावसाळ्यात मोजून उपयोग नाही, तेव्हा पाऊसच कण धुऊन नेतो. काजळी मोजणारं यंत्र जिल्ह्यात शिमग्याआधी बसायला हवं. सण उरकला की भाजावळ सुरू होते.