अल्सरेटिव्ह कोलायटिस : तोंडाने घ्यायच्या नव्या गोळीने किती फायदा होतो?

मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणे, शौचावाटे रक्त व आव जाणे, दिवसातून आठ-दहा वेळा शौचास धावावे लागणे, हा त्रास असलेले रुग्ण अलीकडे एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टर, इंजेक्शनऐवजी गोळी आली आहे म्हणे, ती सुरू करू का?" ही गोळी म्हणजे टोफासिटिनिब. भारतीय कंपन्या ती बनवू लागल्यापासून ती बायोलॉजिक इंजेक्शनांपेक्षा बरीच स्वस्त पडते. म्हणूनच तिचे पुरावे नीट समजून घेतले पाहिजेत.

या गोळीच्या मोठ्या चाचण्या २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. काही रुग्णांना खरी गोळी, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली गेली. आठ आठवड्यांनी आजार पूर्ण आटोक्यात आला तो पहिल्या चाचणीत शंभरातील साधारण १८ जणांचा, औषध नसलेल्या गटात ८ जणांचा. दुसऱ्या चाचणीत हे आकडे १७ आणि ४ होते. थोडाफार आराम मात्र शंभरातील ५५ ते ६० जणांना पडला.

ज्यांना आराम पडला, त्यांनाच पुढे वर्षभर तपासले गेले. वर्षाअखेर गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ ते ४१ टक्के, तर औषध नसलेल्या गटातील ११ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता. हे ३४ ते ४१ टक्के सर्व रुग्णांपैकी नव्हेत, हे जाहिरात वाचताना विसरू नका.

लुधियाना येथील चाचणीत, आजार एकदम बळावून रुग्णालयात दाखल झालेल्या १०४ रुग्णांना शिरेतून स्टेरॉइड दिले गेले. त्यातील निम्म्यांना सोबत ही गोळीही दिली. सातव्या दिवशी गोळीच्या गटात ८३ टक्के, दुसऱ्या गटात ५९ टक्के रुग्णांना उतार पडला. गोळी घेणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतील शिरेत मात्र रक्ताची गुठळी झाली. चाचणी लहान आहे, पण आपल्याकडच्या रुग्णांवरची असल्याने महत्त्वाची आहे.

धोके कोणते? नागीण होण्याची शक्यता वाढते. दडलेला टीबी उफाळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे व टीबीची तपासणी हवीच. संधिवाताच्या, पन्नाशीपुढच्या व हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत हार्ट अटॅक, गुठळ्या व कर्करोग यांचे प्रमाण तुलनेच्या इंजेक्शनांपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये वापरावर मर्यादा घातल्या. क्रोन्स आजारात ही गोळी चाचण्यांत अपेक्षेप्रमाणे चालली नाही, त्यामुळे आपले निदान नेमके कोणते, हे आधी विचारा.

माझ्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने हीच गोळी घेणारे रुग्ण येतात. रक्ततपासणी एकदाही झालेली नसते. असे करू नका. वय, धूम्रपान, हृदयविकार, पूर्वीची गुठळी, गरोदरपणाचा विचार, हे सारे पोटविकारतज्ज्ञांना सांगा. गोळी सुरू असताना ताप, धाप, छातीत दुखणे, एका पायाला सूज किंवा तीव्र डोकेदुखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.