उरलेली नव्हे, वगळलेली गाणी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ या कॅलिफोर्नियातील आर्मेनियन वंशाच्या चौघांच्या हेवी मेटल बँडच्या ‘स्टील धिस अल्बम!’चा प्रकाशनदिन येतो आणि त्याच्याबरोबर ‘उरलीसुरली गाणी’ हा जुना शब्दही परत येतो. २६ नोव्हेंबर २००२ रोजी आलेल्या या सोळा गाण्यांच्या संचाचे वर्णन अजूनही याच शब्दाने उरकले जाते. हा शब्द वापरणाऱ्यांना निरुपद्रवी वाटत असला, तरी तो गाण्यांवर अन्याय करणारा आहे आणि ऐकणाऱ्याचा कान आधीच बंद करणारा आहे, ही या स्तंभाची भूमिका आहे.

‘अप्रकाशित’ या एका शिक्क्याखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. पहिली म्हणजे डेमो, अर्थात चाल विसरू नये किंवा कंपनीला ऐकवता यावी म्हणून केलेले कच्चे ध्वनिमुद्रण. दुसरी म्हणजे आउटटेक, अर्थात अल्बमसाठीच स्टुडिओत मुद्रित झालेले, पण अंतिम निवडीत न आलेले गाणे. तिसरी म्हणजे बी-साइड, अर्थात सिंगल तबकडीच्या मागच्या बाजूला घातलेले गाणे. ते अल्बमात नसले तरी प्रकाशित झालेलेच असते, त्यामुळे त्याला अप्रकाशित म्हणणे मुळातच चूक आहे. डेमो कच्चा असतो हे मान्य केले तरी आउटटेकविषयी तसे म्हणता येत नाही, कारण अल्बमची निवड ही परीक्षेची गुणवत्तायादी नसते. एकाच लयीची दोन गाणी शेजारी नकोत, एकाच विषयाची तीन नकोत, शेवट अमुक सुरावर व्हावा, अशा अनेक कारणांनी उत्तम गाणेही बाहेर बसते. पंगतीत जागा मिळाली नाही म्हणून माणूस कमी योग्यतेचा ठरत नाही आणि गाण्यांच्या बाबतीत हा पंक्तिप्रपंच समीक्षेने करावा, याला काहीच आधार नाही.

‘सिस्टिम’च्या बाबतीत तर हिशेब अगदी स्वच्छ आहे. ४ सप्टेंबर २००१ रोजी आलेल्या ‘टॉक्सिसिटी’ या अल्बमसाठी बँडने तिसाहून अधिक गाणी मुद्रित केली होती आणि त्यांतील चौदा निवडली. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटांचे संगीत सहज मावत असताना हा अल्बम सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा ठेवला गेला. म्हणजेच बाकीच्या गाण्यांना जागा नव्हती असे नाही, तर जागा असूनही ती बाहेर ठेवली गेली. जे जागेअभावी राहते ते उरते आणि जे जागा असूनही बाहेर ठेवले जाते ते वगळलेले असते. या दोन क्रियापदांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

पुढे २००२ मध्ये ही वगळलेली गाणी अपुऱ्या अवस्थेतच बाहेर फुटली आणि ‘टॉक्सिसिटी २’ अशा नावाने संगणकावरून संगणकावर फिरू लागली. श्रोते आपली अर्धवट कामे ऐकत आहेत याचे दुःख बँडने जाहीरपणे व्यक्त केले, परंतु तेथेच न थांबता ती गाणी पुन्हा हाती घेतली, पूर्ण केली आणि वर्ष संपण्याआधी रीतसर प्रकाशित केली. निर्मितीची बाजू ‘टॉक्सिसिटी’प्रमाणेच रिक रूबिन आणि गिटारवादक डॅरॉन मलाकियन यांनी सांभाळली. ही मागे पडलेली किंवा दुय्यम गाणी नाहीत, ‘टॉक्सिसिटी’तील गाण्यांच्याच तोलाची आहेत, असे बँडने त्या वेळी स्पष्ट सांगितले होते. ज्यांनी ती रचली त्यांचे हे म्हणणे उपलब्ध असताना ‘उरलीसुरली’ हा शब्द टिकून राहावा, हे खेदकारक आहे.

त्या अल्बमची प्रत हाती घेतली की त्यामागचा विचार दिसतो. पारदर्शक डबी आहे, पण तिच्यात मुखपृष्ठाचे चित्र नाही आणि गीतांची पुस्तिकाही नाही. आत कोऱ्या सीडीसारखी दिसणारी तबकडी आहे आणि तिच्यावर काळ्या मार्करने घाईघाईत लिहावे तसे नाव आहे. घरी कॉपी केलेली तबकडी जशी दिसे, नेमकी तशी. काही मर्यादित प्रतींवरील रेखाटने बँडच्या चारही सदस्यांनी स्वतः वेगवेगळी केली होती. ‘हा अल्बम चोरा’ या अर्थाचे नाव ॲबी हॉफमन यांच्या १९७१ सालच्या ‘स्टील धिस बुक’ या पुस्तकावरून घेतलेले आहे. अशा रीतीने चोरीच्या मालाचे रूप मूळ धन्याने स्वतःच धारण केले आणि चोरलेली प्रत व खरी प्रत यांतील बाह्य भेद पुसून, उरलेला एकच भेद पुढे ठेवला: चोरलेल्या प्रतीतील गाणी अपुरी होती आणि या प्रतीतील गाणी पूर्ण आहेत.

गाण्यांकडे वळल्यास आवाका ध्यानात येतो. ‘चिक अँड स्टू’ हे सलामीचे गाणे पिझ्झ्यावरच्या पदार्थांची यादी ओरडत जाहिरातींनी निर्माण केलेल्या भुकेपर्यंत पोहोचते. ‘३६’ एका मिनिटाच्या आत संपते. ‘रूलेट’मध्ये विजेची गिटार बाजूला ठेवून साध्या गिटारीवर गायक सर्ज टँकियन यांचा आवाज जवळजवळ एकटा उभा राहतो, आणि तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात उतरवून वाजवणाऱ्या या बँडचा भार त्या तीनचार मिनिटांपुरता नाहीसा होतो. ‘बूम!’ या गाण्याची चित्रफीत मायकेल मूर यांनी दिग्दर्शित केली आणि तीत १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवरील संभाव्य युद्धाविरुद्ध जगभर निघालेल्या मोर्चांचे चित्रण आहे. एका अल्बमातून वगळलेले गाणे पुढच्याच वर्षी युद्धविरोधी जनसमूहाच्या पावलांशी जोडले गेले, यातच ‘उरलेले’ या शब्दाचे खंडन आहे.

या प्रकरणाचे खरे मोल मात्र ‘मेटॅलिका’ या दुसऱ्या मेटल बँडच्या अनुभवाशेजारी ठेवल्यावर कळते आणि ही तुलना अल्बमच्या आठवणी काढणाऱ्यांकडून सहसा केली जात नाही. ‘सिस्टिम’वर जो प्रसंग २००२ मध्ये आला, तोच त्याआधी दोन वर्षे ‘मेटॅलिका’वर आला होता. ‘मिशन : इम्पॉसिबल २’ या चित्रपटासाठी केलेल्या ‘आय डिसअपीअर’ या गाण्याची अपुरी आवृत्ती प्रकाशनाआधीच रेडिओ केंद्रांवर वाजू लागली आणि तिचा माग काढता काढता बँड नॅपस्टर या सेवेपर्यंत पोहोचला. नॅपस्टर म्हणजे एका वापरकर्त्याच्या संगणकातील गाणे दुसऱ्याला थेट उतरवून घेता येईल अशी व्यवस्था होती. १३ एप्रिल २००० रोजी ‘मेटॅलिका’ने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला, त्यात तीन विद्यापीठांनाही प्रतिवादी केले आणि मे महिन्याच्या आरंभी ड्रमवादक लार्स उलरिक यांनी सुमारे ३ लाख ३५ हजार वापरकर्त्यांच्या नावांचे कागद खोक्यांत भरून नॅपस्टरच्या कार्यालयात नेऊन दिले. ती नावे सेवेतून बंद झाली. त्याच वर्षीच्या जुलैत उलरिक यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली आणि २००१ च्या जुलैत प्रकरण तडजोडीने मिटले.

उलरिक यांचा मूळ मुद्दा चुकीचा नव्हता, हे येथे निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. गाणे केव्हा पूर्ण झाले हे ठरवण्याचा अधिकार ते रचणाऱ्याचाच आहे आणि तो हिरावला गेला तर त्याने स्वस्थ बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे नव्हते हेही खरे. एका बाजूला चित्रपटाच्या कराराने बांधलेले एकच गाणे होते, तर दुसऱ्या बाजूला बँडच्या स्वतःच्या ताब्यातील गाण्यांचा पूर्ण संच होता. तरीही अधिकार बजावण्याचे मार्ग दोन असतात. एका बँडने ऐकणाऱ्यांची यादी केली आणि दुसऱ्याने गाणी पूर्ण केली. पहिल्याच्या हाती तडजोड आली, परंतु त्या खोक्यांतील नावे त्याच्याच चाहत्यांची होती आणि तो दुरावा भरून यायला वर्षे लागली. दुसऱ्याच्या हाती एक अल्बम आला, जो आजही ऐकला जातो.

‘मेटॅलिका’ला हा दुसरा मार्ग अपरिचित नव्हता, हे या तुलनेतील सर्वांत बोचणारे अंग आहे. १९८२ मध्ये या बँडने ‘नो लाइफ टिल लेदर’ नावाचा सात गाण्यांचा डेमो केला. तो दुकानांतून विकला गेला नाही. एकाने दुसऱ्याला कॅसेट कॉपी करून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला टपालाने पाठवायची, अशा देवाणघेवाणीतून तो अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर गेला, न्यू जर्सीतील जॉन झझुला यांच्या कानी पडला आणि त्यांनी बँडला पूर्वेकडे बोलावून १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम काढला. ज्या बँडचे सारे भाग्य हातोहात फिरलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणाने उघडले, त्याला अठरा वर्षांनी हातोहात फिरणारे कच्चे ध्वनिमुद्रण असह्य व्हावे, यात कायद्याचा प्रश्न नसून स्मरणाचा प्रश्न आहे.

हे स्मरण कालांतराने परत आले, असे पुढील घटनांवरून म्हणता येते. डिसेंबर २०११ मध्ये तिसाव्या वर्धापनानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फिलमोर’ सभागृहात झालेल्या चार कार्यक्रमांत ‘मेटॅलिका’ने रोज एक अप्रकाशित गाणे वाजवले. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मधून वगळलेली ही चार गाणी ‘बियाँड मॅग्नेटिक’ या नावाने त्याच महिन्यात प्रकाशित झाली. त्या मूळ अल्बमचे निर्माते रिक रूबिनच होते, ही नोंद येथे अप्रस्तुत नाही. महत्त्वाचे असे की, ही गाणी ‘रफ मिक्स’च्या अवस्थेत, म्हणजे निरनिराळ्या वाद्यांच्या पातळ्या अंतिमतः जुळवण्याआधीच्या रूपात आणि शेवटचा हात न फिरवता दिली गेली. ज्या बँडने २००० मध्ये अपुरे गाणे ऐकले जाऊ नये म्हणून न्यायालय गाठले, त्यानेच अकरा वर्षांनी अपुरी गाणी स्वखुशीने श्रोत्यांच्या हाती ठेवली आणि २०१५ मध्ये तर ‘नो लाइफ टिल लेदर’ही मूळच्याप्रमाणे कॅसेटवर विक्रीला आणले. ‘सिस्टिम’ने २००२ मध्ये जे ओळखले होते त्यावर याहून मोठी मोहोर उमटू शकत नाही.

‘सिस्टिम’लाही या अनुभवाने काही शिकवले असावे. २००५ मध्ये या बँडने एकाच काळात मुद्रित केलेली गाणी ‘मेझमराइझ’ आणि ‘हिप्नोटाइझ’ अशा दोन अल्बमांत, मे आणि नोव्हेंबरमध्ये, वाटून प्रकाशित केली. यामागे फुटलेल्या गाण्यांची आठवण होती असे कागदोपत्री दाखवता येणार नाही. परंतु एकदा घरफोडी झालेल्या माणसाने पुढच्या वेळी तिजोरीत काही ठेवूच नये, तसे हे दिसते.

एवढे सगळे श्रेय दिल्यावरही ‘स्टील धिस अल्बम!’मधील एक उणीव सांगितल्याशिवाय हा स्तंभ पुरा होऊ शकत नाही आणि ती म्हणजे तारीख. पुस्तिकाच नसल्यामुळे कोणत्या गाण्याचा कोणता भाग ‘टॉक्सिसिटी’च्या वेळचा आणि कोणता गाणी फुटल्यानंतर पूर्ण केलेला, हे श्रोत्याला कळण्याचा मार्ग राहत नाही. अप्रकाशित गाण्यांच्या संचाला ध्वनिमुद्रणाचा दिनांक, स्थळ आणि वादकांची नावे नसणे म्हणजे हस्तलिखिताला पुष्पिका नसणे होय. कल्पना कितीही देखणी असली तरी तिने नोंदीची जागा घेऊ नये.

हा आग्रह दूरच्या बँडांपुरता नाही. मुंबई-पुण्यातील मेटल श्रोत्यांची एक अख्खी पिढी कॉपी केलेल्या कॅसेटींवर वाढली आणि १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’सारख्या महोत्सवांतून या शहरांचे स्वतःचे बँडही उभे राहिले. त्यांनी स्वखर्चाने केलेली, कोणत्याही कंपनीने न काढलेली गाणी आज कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या खणात, बुरशी धरणाऱ्या फितीवर पडून आहेत. ज्यांच्याकडे अशी एखादी कॅसेट असेल त्यांनी ती आधी डिजिटल करून घ्यावी, आणि तेही शक्य नसेल तर निदान पेन उचलून वेष्टनावर साल, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. वगळलेले गाणे वीस वर्षांनीही प्रकाशित करता येते. ते कोणाचे आणि केव्हाचे हेच पुसले गेले, तर ते कोणालाही परत मिळवून देता येत नाही.