काठी आणि बेत

वडील गेल्यावर झोप उडाली, तेव्हा चाळिशी उलटलेला मी लाठीकाठी शिकू लागलो. वर्गातली मुलं विचारतात, "सर, स्पर्धा कधी?" मला डिचोली तालुक्यातलं शिरगाव आठवतं. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड गोंडे लावलेले बेत (आपल्या कानडीतलं 'बेत्त'च की!) एकमेकांच्या बेतांवर वाजवत नाचतात, मग पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. तिथं कोण जिंकलं, असं कुणी विचारत नाही. (२०२५ च्या जत्रेत मात्र चेंगराचेंगरीत माणसं गेली, तो घाव वेगळाच.)

माझी काठी अजून माझ्याच गुडघ्यावर बसते. उस्ताद म्हणतात, "हात राहू द्या सर, आधी पाऊल बघा." झोप मात्र लागते.