माजी मंत्र्यांना परराष्ट्रांचे वकीलपत्र कशाला?

जर्मनीचे चॅन्सेलर गेऱ्हार्ट श्रोडर यांची कारकीर्द संपत आली असताना, २००५ च्या सप्टेंबरात, रशियाचा नैसर्गिक वायू बाल्टिक समुद्राच्या तळातून थेट जर्मनीत आणणाऱ्या नळयोजनेचा करार बर्लिनमध्ये झाला. समारंभाला स्वतः श्रोडर आणि रशियाचे अध्यक्ष पुतिन जातीने हजर होते. नोव्हेंबरात श्रोडर पायउतार झाले आणि पुरता महिना उलटण्याच्या आत त्याच योजनेच्या कंपनीत भागधारक-समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले! या कंपनीचे निम्म्याहून अधिक भांडवल रशियन सरकारच्या हातातील गाझप्रॉमचे होते. जर्मनीत तेव्हा याला आडकाठी करील असा कायदाच नव्हता. पुढे ते रोसनेफ्ट या रशियन तेलकंपनीचेही अध्यक्ष झाले. युक्रेनवर रशियाचे रणगाडे चालून गेल्यानंतर, २०२२ च्या मे महिन्यात, जर्मन संसदेच्या अर्थसंकल्प समितीला माजी चॅन्सेलर म्हणून त्यांना मिळालेले सरकारी कार्यालय काढून घेण्याची बुद्धी झाली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मंत्री, सचिव किंवा राजदूत पद सोडतो तेव्हा मोटार आणि बंगला परत करतो. पण वाटाघाटींत आपले सरकार कोठवर ताणून धरील व कोठे नमेल याचे ज्ञान तो बरोबर घेऊन जातो. कोणत्या अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन आहे, कोणाकडे दूरध्वनी केला असता दार उघडते, हेही त्यास ठाऊक असते. ही पुंजी त्याने स्वकष्टाने मिळविलेली नसते. जनतेने सोपविलेल्या अधिकारामुळे ती त्याच्या हाती आलेली असते. ती एखाद्या स्वदेशी कारखानदारास विकणे वाईटच. परंतु परक्या सरकारास विकणे ही निराळ्याच जातीची गोष्ट आहे, कारण त्या सरकारचे हित आणि आपले हित उद्या समोरासमोर उभे ठाकणार नाही याची हमी कोणी द्यावी?

अमेरिकेत या रदबदलीला ‘लॉबिंग’ म्हणतात आणि तो तेथे राजमान्य धंदा आहे. नाझी प्रचाराच्या धास्तीने १९३८ मध्ये तेथे परकीय हस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. तो हस्तकाला थांबवीत नाही. नाव आणि मोबदला जाहीर करावयास लावतो, इतकेच. अध्यक्ष रेगन यांचे निकटवर्ती मायकेल डीव्हर १९८५ मध्ये व्हाइट हाउसमधून बाहेर पडले आणि कॅनडा, दक्षिण कोरिया अशा सरकारांची कामे घेऊ लागले. १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, पण कशाबद्दल? आपल्या व्यवहारांविषयी शपथेवर खोटे बोलल्याबद्दल! रिचर्ड गेफार्ट यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते असताना, आर्मेनियनांच्या हत्याकांडाला वंशसंहार म्हणून मान्यता द्यावी या ठरावाचे ते पुरस्कर्ते होते. निवृत्तीनंतर त्यांनी तुर्की सरकारचे काम पत्करले, आणि तुर्कस्तानचा तर याच ठरावाला कडवा विरोध.

वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि काँग्रेसच्या सभासदांना तेथे पद सोडल्यावर एक वर्ष परकीय सरकारांसाठी रदबदली करता येत नाही. एक वर्ष! एवढ्या अवधीत ओळखीही पुसट होत नाहीत. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये पदग्रहणाच्या दिवशीच आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर या बाबतीत आजन्म बंदी घातली आणि जाता जाता, २०००च्या डिसेंबरात, स्वतःच ती उठविली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये तशीच आजन्म शपथ घ्यावयास लावली आणि २०२१ च्या जानेवारीत पहिली कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवशी तो आदेश रद्द केला. दोघे दोन पक्षांचे. पण अनुयायांना बाजारात मोकळे सोडण्याच्या बाबतीत एका माळेचे मणी. आजन्म बंदी टिकली ती परदेशांशी व्यापारी करार करणारा प्रतिनिधी व त्याचे उपप्रतिनिधी यांच्यावर. कारण ती अध्यक्षांच्या मर्जीवर नव्हे, तर १९९५ च्या कायद्यावर उभी आहे.

हे सारे वाचून आपण नाके मुरडण्याचे कारण नाही. या बाजारात आपणही गिऱ्हाईक आहोत. २००१ ते २००३ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले रॉबर्ट ब्लॅकविल पुढे वॉशिंग्टनमधील एका रदबदलीच्या पेढीत गेले आणि २००५ मध्ये आपल्या सरकारने तीच पेढी नेमली. अणुकराराचे घोडे तेव्हा अमेरिकन काँग्रेसमधून पार न्यावयाचे होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या वकिलातीने दरमहा ७५ हजार डॉलरवर दुसरी एक पेढी नेमली. तिच्या वतीने काम पाहणाऱ्यांत माजी सिनेटर डेव्हिड व्हिटर होते. यात आपल्या सरकारने गैर केले असे आम्ही म्हणत नाही. तिथला रिवाजच तो. पण जे आपण वॉशिंग्टनमध्ये करतो, ते दिल्लीत कोणी करीत नसेल असे मानणे म्हणजे आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे.

फरक इतकाच की, वॉशिंग्टनमधील हे आकडे आपल्याला कळतात ते तेथील नोंदवहीमुळे. दिल्लीत तशी वहीच नाही. वॉलमार्ट कंपनीच्या रदबदलीच्या खर्चात भारतीय बाजारपेठेचाही विषय असल्याचे अमेरिकेतील विवरणपत्रांतून २०१२ मध्ये उघड झाले, तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ उडाला व चौकशी समिती बसली. आपल्या घरात काय चालले आहे हे शेजाऱ्याच्या वहीत डोकावून समजावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

सनदी अधिकाऱ्यांपुरता काही बंदोबस्त आपल्याकडे झालेला आहे. १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी वरच्या श्रेणीतील निवृत्त अधिकाऱ्याला परदेशी सरकारच्या नोकरीसाठी पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन घातले. मात्र ते मोडल्यास जाते ते निवृत्तिवेतन. आणि ज्याला परके सरकार डॉलरमध्ये मोजणार, त्याला निवृत्तिवेतनाची काय मातब्बरी? शिवाय रीतसर नोकरी न धरता ‘सल्लागार’ म्हणून मानधन घेणाऱ्याचे काय? मंत्री आणि खासदार यांना तर पद सोडल्यावर एवढाही अटकाव नाही. कारकुनाला कुलूप आणि कारभाऱ्याला मोकळे रान, असा हा न्याय आहे.

मंत्री, सचिव, सेनादलांचे प्रमुख, राजदूत आणि नियामक मंडळांचे अध्यक्ष यांना परकीय सरकारांसाठी व त्यांच्या ताब्यातील कंपन्यांसाठी रदबदली करण्यास कायद्यानेच आजन्म बंदी असावी आणि इतरांनी केलेल्या अशा कामाची जाहीर नोंद व्हावी, अशी आमची मागणी आहे. यावर व्यवसायस्वातंत्र्याचा प्रश्न काढला जाईल. घटनेच्या १९ व्या कलमाने ते स्वातंत्र्य दिले आहे, तसेच सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली आहे. माजी राजदूताने विद्यापीठात शिकवावे, ग्रंथ लिहावेत, संयुक्त राष्ट्रसंघात सेवा करावी. त्याला कोण अडवितो?

खरी अडचण आहे ती वेगळीच. हा कायदा ज्यांनी करावयाचा, त्यांच्यापैकी अनेकांना तो उद्या बांधणार आहे. सरकार आपण होऊन विधेयक आणील अशी आशा म्हणूनच धरवत नाही. परंतु लोकसभेत शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांसाठी वेळ राखलेला असतो. मुंबई-पुण्याच्या एखाद्या खासदाराने तेवढ्या वेळात हे विधेयक मांडून दाखवावे, आणि मग कोण कोण विरोधाला उठतो त्यांची नावे आम्ही याच पानावर छापू.