शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाची शस्त्रक्रिया म्हटली, की नातेवाइकांचे सारे लक्ष ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे लागते. पण दाराआडचे तास मोजकेच असतात; त्याच्या आधीचे नि नंतरचे दिवस घरच्यांनीच काढायचे असतात.

डहाणू तालुक्यातल्या सरावलीसारख्या गावात हे ओझे अधिक जाणवते. केंद्र सरकारने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना सुरू केली, हे चांगलेच झाले. पण डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा आणि दर खेपेला सुमारे चार तास. रुग्णाची आणि सोबत्याची बुडणारी मजुरी वेगळीच.

अशा रुग्णाचे हाड मोडले वा हर्निया झाला, तरी तयारी निराळीच करावी लागते. बहुधा आदल्या दिवशी डायलिसिस होते, रक्तातले पोटॅशियम तपासले जाते. फिस्टुला असलेल्या हातावर सुई टोचू नये, रक्तदाबाचा पट्टाही बांधू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येक गोळीची माहिती द्यावी. शस्त्रक्रिया चालू असताना सलाइनही मोजूनमापूनच दिले जाते. शरीरात साठलेले पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडे समर्थ नसतात.

खरी कसोटी घरी आल्यावर. आजाऱ्याला शहाळे द्यावे, ही आपल्या किनाऱ्यावरची मायेची रीत. पण शहाळ्यातले पोटॅशियम या रुग्णाच्या हृदयाला धोक्याचे ठरू शकते. सुकट, पापड, लोणचे यांतले मीठ तहान वाढवते. दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणणे तर टाळलेच पाहिजे. रोजचे वजन वहीत लिहावे. ताप किंवा जखमेतून पू दिसला, तर वाट पाहू नये.

प्रत्यारोपण झाले, की सुटलो असे वाटते. पण शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते टिकेल तोवर रोज गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून त्या सोडणे म्हणजे मिळालेले मूत्रपिंड गमावण्याची वाट धरणे.

आणखी एका व्यक्तीकडे आपले लक्ष जात नाही. १९९४ च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकांना मूत्रपिंड देता येते, आणि आपल्या देशात देणाऱ्यांत आई व पत्नी यांचीच संख्या मोठी. तिलाही टाके पडलेले असतात. काही आठवडे तिने पाण्याचा हंडा उचलू नये. पुढे दरवर्षी रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी. रुग्णाच्या उशाशी सारे घर बसते. तिच्या उशाशीही कुणीतरी बसले पाहिजे.